'डेस्क सेट' लावण्याआधी

वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात मी सव्वीस वर्षं काढली. कात्रणं कापायची, खळीनं चिकटवायची, तारीख घालून पाकिटात ठेवायची आणि संपादकीयातून हाक आली की मिनिटभरात काढून द्यायची. त्यामुळे १९५७ सालच्या 'डेस्क सेट'ची गोष्ट कळली, तेव्हा तो आपलाच सिनेमा वाटला. न्यूयॉर्कमधल्या प्रसारण कंपनीचा संदर्भ विभाग, तिथल्या चौघीजणी आणि त्यांच्या खोलीत येऊ घातलेला एमरॅक नावाचा अवाढव्य संगणक. त्यात कॅथरिन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी! निवृत्त सहकाऱ्यांच्या मेळाव्यात तोच लावायचा ठरवला. आधी स्वतः पाहिला नाही. ही चूक तुम्ही करू नका.

सुरुवातीला सगळे खूश होते. गच्चीवरचा प्रसंग तर अप्रतिम आहे. कडाक्याच्या थंडीत सँडविच खाता खाता ट्रेसी कोडी घालतो, गाडीत किती चढले, किती उतरले, आणि हेपबर्न न अडखळता उत्तरं देते. एका आठवणीचा धागा धरून दुसरी कशी वर येते, हे इतकं नेमकं मी पडद्यावर क्वचितच पाहिलंय. आमचं कामच ते होतं.

पुढे मात्र तिला ताटकळत ठेवणारा वरिष्ठ आणि ख्रिसमसची पार्टी यांतच सिनेमा रेंगाळतो. मग पगार विभागातलं यंत्र कामावरून कमी केल्याच्या गुलाबी चिठ्ठ्या छापतं. सगळ्यांना, अगदी कंपनीच्या अध्यक्षांनाही. म्हणजे चूक यंत्राची, नोकरी कोणाचीच जात नाही. शेवटी त्याच एमरॅकच्या साक्षीनं लग्नाची मागणी. आमच्या खोलीत कोणी हसलं नाही. आमच्याकडे संगणक आले त्या वर्षी नऊजणांत आम्ही तिघं उरलो होतो, आणि बाकीच्या सहाजणांच्या चिठ्ठ्या चुकून निघाल्या नव्हत्या.

सिनेमाच्या श्रेयनामावलीत सहकार्याबद्दल आयबीएमचे आभार मानले आहेत. ते मी आधी वाचायला हवं होतं. संगणक बनवणाऱ्यांच्या मदतीनं काढलेल्या सिनेमात संगणकामुळे कोणाची भाकरी जाणं कठीणच, असं मला वाटतं. तेव्हा जुना सिनेमा निवडताना नटांच्या नावांवर भुलू नका, आभारही वाचा. ही जोडीच पाहायची असेल तर १९४९ चा 'अॅडम्स रिब' लावा. ऑफिसातली घुसमट हवी असेल तर बिली वाइल्डरचा १९६० चा 'दि अपार्टमेंट'. बढतीसाठी साहेबांना स्वतःच्या घराची किल्ली देणारा कारकून तिथे हसवतो आणि त्याच दृश्यात काळीजही पिळवटतो. आणि 'डेस्क सेट' लावलातच, तर सिनेमास्कोपच्या पूर्ण रुंदीची प्रत शोधा. आमच्या प्रतीत दोन्ही कडा कापलेल्या होत्या, चौघींपैकी दोघी सारख्या गायब व्हायच्या.

पुढच्या मेळाव्यात गच्चीचा प्रसंग तेवढा लावणार आहे. उरलेल्या वेळात, आमची कात्रणांची पाकिटं शेवटी कुठे गेली, ते विभागप्रमुख बाईंकडून ऐकायचं ठरलंय.