लपवून ठेवलेली रिळे

१९४५ सालच्या ऑगस्टमध्ये, ६ तारखेस हिरोशिमावर व ९ तारखेस नागासाकीवर, अमेरिकेने अणुबाँब टाकले. एकेका बाँबने एकेक नगर बेचिराख झाले. पुढील महिन्यात निप्पॉन एइगाशा या जपानी चित्रपटसंस्थेची माणसे कॅमेरे घेऊन त्या भग्नावशेषांत शिरली. अनुबोधपटाचे निर्माते होते अकिरा इवासाकी. युद्धापूर्वी सरकारच्या चित्रपटविषयक कायद्यास विरोध केल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला होता.

चित्रीकरण शास्त्रज्ञांच्या सोबतीने चालले होते. त्यामुळे दगड, लोखंड व झाडेझुडपे यांचीच नोंद अधिक झाली. स्फोटाच्या प्रखर तेजाने दगडांचा रंग पालटला होता. परंतु मध्ये जी वस्तू आली, तिची छाया त्यांवर जशीच्या तशी राहिली होती. अशा छायांवरून बाँब नेमका कोठे फुटला, याचे गणित शास्त्रज्ञांनी मांडले. हिरोशिमातील एका बँकेच्या पायरीवरही अशीच एक छाया होती. ती पुलाच्या कठड्याची नव्हती, खांबाची नव्हती. तेथे कोणी तरी बसले होते.

कॅमेरा रुग्णालयांतही गेला. भाजलेली मुले, केस गळून गेलेल्या स्त्रिया यांची चित्रे त्याने घेतली. ती थोडीच होती.

ऑक्टोबरात अमेरिकन लष्कराने नागासाकीत पथकातील एकास पकडले व काम थांबविले. पुढे आपल्या देखरेखीखाली ते पुरे करवून घेतले आणि १९४६ साली चित्रपटाचा तुकडा न् तुकडा हवाली करण्याची आज्ञा दिली. पेट्या अमेरिकेस गेल्या. मात्र त्यापूर्वी काही जपानी कर्मचाऱ्यांनी एक प्रत गुपचूप लपवून ठेवली होती. उघडकीस आले असते, तर शिक्षा चुकली नसती! १९५२ साली परकीय अंमल संपल्यावर तिच्यातील थोडा भाग जपानी प्रेक्षकांनी पाहिला.

अमेरिकेने आपल्याकडील चित्रपटाची प्रत १९६७ साली जपानला परत केली. ती वार्ता कळल्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एरिक बार्नाऊ यांनी तो चित्रपट मिळविला. तो पावणेतीन तासांच्या आसपास होता. दगडांची मोजमापे त्यांनी बरीचशी वगळली. माणसे दिसत होती ती थोडी दृश्ये वेचून जपून ठेवली. सोळा मिनिटांचा अनुबोधपट तयार झाला.

१९७० साली तो न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखविला गेला. चित्रपट संपला, तरी सभागृहात कोणी टाळी वाजविली नाही. काही क्षण प्रेक्षक निःशब्द बसून राहिले.