दार उघडं राहिलं ते आठ दिवस

दसरा झाला की चिखली-मेहकर पट्ट्यात सोयाबीनचे ट्रॅक्टर लागतात. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या केंद्रावर पहाटेपासून काटा सुरू होतो. कट्टे उतरतात, ओलावा मोजला जातो, वजन होतं, पावती फाटते. मी तिथे हिशेब सांभाळते. दिवसभराच्या पावत्या रात्री संगणकात भरायच्या आणि सकाळी पुन्हा काट्यावर हजर व्हायचं, असं तीन हंगाम चाललं. म्हणून कोडिंग न करता ॲप बनवून देणारा एक नो-कोड प्लॅटफॉर्म मी घेतला. काट्यावरच्या पोराने मोबाइलवर नोंद केली की ती थेट आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जावी, एवढंच हवं होतं. डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर आधीपासून होता. सभासदांची नावं, गट नंबर, बँक खाती, सगळं त्यातच.

ॲपचे पडदे एका दुपारी तयार झाले. जोडणी मात्र होईना. प्लॅटफॉर्म थोडा वेळ फिरायचा आणि वेळ संपल्याचा संदेश द्यायचा. कारण साधं होतं. आमच्या सर्व्हरची फायरवॉल फक्त ऑफिसच्या इंटरनेट पत्त्यावरून आलेल्यालाच आत घेत होती आणि प्लॅटफॉर्मचे सर्व्हर दुसरीकडे, वेगळ्या पत्त्यांवर. हे मला तेव्हा उमगलं नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग होती. मी फायरवॉलमध्ये ३३०६ या पोर्टसमोर ०.०.०.०/० लिहिलं, म्हणजे जगातल्या कुठल्याही पत्त्याला मोकळीक. वापरकर्ता दिला ‘रूट’, सगळे अधिकार असलेला. पासवर्ड कंपनीचं नाव आणि साल. हिरवी खूण आली आणि मी काट्यावर गेले.

आठव्या दिवशी सकाळी ॲप रिकामं. डेटाबेस उघडला तर आमचं एकही टेबल नाही. एकच नवं टेबल, त्यात एकच ओळ: माहिती आमच्याकडे आहे, अमुक इतके बिटकॉइन पाठवा. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. बाहेर हमाल कट्टे उतरवत होते आणि मला त्यांचा आवाजही येत नव्हता.

पुढे कळलं की यात आमच्याशी कुणाचं वैर नव्हतं. उघडी पोर्टं हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२ हे ठरलेले आकडे ते ठोकून पाहतात आणि सोपे पासवर्ड लावून बघतात. २०१७च्या सुरुवातीला जगभरातले हजारो उघडे मोंगोडीबी डेटाबेस असेच पुसले गेले, पाठोपाठ मायएसक्यूएलवरही तीच वेळ आली. पैसे भरलेल्या कित्येकांना काहीही परत मिळालं नाही, कारण पुसणाऱ्याने प्रत ठेवलेलीच नव्हती. आम्ही भरले नाहीत. माझ्याकडची शेवटची प्रत एकोणीस दिवसांपूर्वीची होती. मधला सगळा माल आम्ही पावतीबुकांच्या कार्बन प्रतींवरून तीन रात्री जागून पुन्हा भरला. कागदाची पावती बंद करू, असं मीच महिनाभर आधी म्हणत होते. तेव्हा संचालकांनी ऐकलं नाही, म्हणून आज त्या एकोणीस दिवसांचा हिशेब आहे.

असली जोडणी तुमच्याकडे कुणी करायला बसलं असेल, तर त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि आधी एक गोष्ट विचारा: प्लॅटफॉर्मचे सर्व्हर कोणत्या पत्त्यांवरून येतात? बरेच प्लॅटफॉर्म ही यादी देतात. फायरवॉलमध्ये तेवढेच पत्ते घाला. पत्ते ठरलेले नसतील, तर पोर्ट उघडू नका. मध्ये एक छोटा एपीआय बसवून घ्या, जो ठरावीक नोंदीच आत-बाहेर करील. आणि जोडणी कूटबद्ध, म्हणजे एसएसएलवरूनच होईल हे पाहा.

मग वापरकर्ता. ॲपसाठी वेगळा बनवा. आमच्या काट्यावरच्या ॲपला आता दोनच अधिकार आहेत: पावतीच्या टेबलात नवी ओळ घालणं आणि सभासदांची यादी वाचणं. पुसण्याचा अधिकार नाही. ॲपमध्ये बोट चुकून ‘डिलीट’वर पडलं, तर पुसली जाते ती डेटाबेसमधली खरी ओळ, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सभासदांची यादीही मूळ टेबलातून जात नाही. नाव, गाव आणि सभासद क्रमांक एवढेच रकाने असलेला एक ‘व्ह्यू’ केला आहे. काट्यावर बँक खातं लागतच नाही, तर ते तिथवर जावं कशाला? पासवर्ड लांब ठेवा आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. आमचा तिथेही पडलेला होता.

डेटाबेस पुसला जाण्याआधीच, जोडणीच्या दुसऱ्याच दिवशी, एक आजोबा मोबाइलचा पडदा दाखवत म्हणाले होते, “ताई, माहं नाव काऊन दिसत नाई?” नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. आमचं टेबल जुन्या आवृत्तीत तयार झालेलं, त्याची अक्षरसंहिता लॅटिन-१. तिला देवनागरी ठाऊक नाही. इथे एक फरक ओळखायला शिका. टोप्या-टिंबं असलेल्या रोमन अक्षरांचा कचरा दिसला, तर मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो, वाचण्याची संहिता चुकलेली असते. टेबलातच प्रश्नचिन्हं साठली असतील, तर ते नाव गेलं, पुन्हा विचारूनच लिहावं लागतं. म्हणून पहिली नोंद होण्याआधी टेबल आणि जोडणी दोन्ही यूटीएफ-८-एमबी-४ वर आणा. ‘श्रीकृष्ण’, ‘ज्ञानेश्वर’ अशी नावं घालून, परत वाचून पाहा. वेळेचंही तसंच. आमचा सर्व्हर यूटीसी वेळेवर चालायचा, भारताच्या साडेपाच तास मागे. पहाटे पाचला झालेलं वजन आदल्या दिवशीच्या तारखेला लागायचं आणि भाव रोज बदलत असेल तर पट्टी चुकायची.

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते सभासदांना सांगणं. खाते क्रमांक बाहेर गेले असण्याची शक्यता होती आणि गप्प बसावं असं सुचवणारेही होते. मला ते पटलं नाही. आम्ही गावागावात जाऊन सांगितलं की बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला तर ओटीपी देऊ नका, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माहिती फुटली तर संबंधित माणसाला कळवण्याची तरतूद २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्यांना कळवायची असते. हे आम्हाला उशिरा कळलं. तुम्ही सर्ट-इनला कळवायचा पत्ता आजच भिंतीवर लावून ठेवा.

आणि दीडदोनशे सभासदांचा गट असेल तर बाहेरचा डेटाबेस लागतो का, हेही विचारा. साध्या शीटवर तुमचं काम भागेल.

आता रोज रात्री डेटाबेसची प्रत निघते आणि दुसऱ्या ठिकाणी जाते. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती प्रत मी एका जुन्या लॅपटॉपवर उभी करते आणि पावतीबुकातल्या चाळीस पावत्या तिच्याशी ताडून पाहते. या खेपेला एकोणचाळीस जुळल्या. चाळिसावीवर कट्टे अठरा होते, संगणकात सोळा. त्या शेतकऱ्याला फोन केला, फरकाचे पैसे त्याच दिवशी खात्यात टाकले.