हाताखाली नवा डॉक्टर घेताना

अंबरनाथ-बदलापूरचे डॉक्टर मित्र हल्ली विचारतात, "तुझ्याकडे एमबीबीएस झालेली मुलं शिकायला बसतात, मीही एखादा घेऊ का? ओपीडीचा भार तेवढाच हलका होईल." त्यांना मी सांगतो, भार हलका करायचा असेल तर सरळ पगारी असिस्टंट ठेवा. शिकवायला घ्याल तर सुरुवातीचे काही महिने भार वाढतोच.

मुलं हुशार असतात, पण वॉर्डात शिकलेली. तिथे पेशंट फाइलसकट येतो. इथे उल्हासनगरात कॅम्प पाचच्या जीन्स कारखान्यातला कारागीर उभ्याउभ्याच म्हणतो, "खांसी है, दो दिन की दवा दे दो." अशाच एकाला नव्या डॉक्टरनं लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं. रात्री केसपेपर वाचला, तर त्यावर नुसतं 'खोकला'. किती दिवसांचा, ते नाही. फोन करून माणसाला परत बोलावलं. खोकला महिन्याभराचा, पँट कमरेवरून घसरत होती. हे औषध टीबीच्या जंतूंनाही थोडं दबवतं. पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं. औषध थांबवून थुंकी तपासायला पाठवली. टीबीच निघाला. टीबीचा पेशंट कळवणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. निक्षय या सरकारी पोर्टलवरची ती नोंद मी त्याच मुलाला भरायला लावली.

तेव्हा दिवसाचे केसपेपर त्याच दिवशी दोघांनी बसून वाचा. "काय दिलंस?" हे नंतर, आधी "काय विचारलंस?" पेशंटसमोर मात्र त्याला कधीही टोकू नका, लोक पुन्हा त्याच्यासमोर बसायचे नाहीत. काय विचारायचं, हे बदलापुरात पावसाळ्यात फार जपावं लागतं. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस ज्यात अडकली होती, तसा उल्हास नदीचा पूर येऊन गेला की तापाचे पेशंट वाढतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) मुलांनी पुस्तकात वाचलेला असतो, पण पोटऱ्या दुखतात म्हणणाऱ्याला "पुराच्या पाण्यातून चाललात का?" हे तोंडून आपोआप निघायला तुमच्याशेजारी बसावं लागतं. आणि तुम्हीच मागेल त्याला सलाइन लावत असाल, तर तो तेच शिकणार.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहूनच खुर्ची द्या. स्टायपेंड, सुट्ट्या आणि तुम्ही नसताना कोणत्या पेशंटला दवाखान्यातच थांबवून ठेवायचं नाही त्याची यादी, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. माझ्या यादीत छातीत दुखणारा माणूस, पोटात दुखणारी गरोदर बाई आणि दोन महिन्यांच्या आतलं तापलेलं बाळ आहे: रिक्षा बोलवा, मोठ्या रुग्णालयात पाठवा, मग मला फोन करा.