सायकसची कोवळी पानं कोण फस्त करतं?

प्रश्न : अमेरिकेतल्या भाचीने जुनिपरच्या झाडावर बसलेल्या हिरव्या, बारीक शेपटीच्या फुलपाखराचा फोटो पाठवला. त्याची अळी म्हणे त्याच झाडाचा पाला खाते. आमच्या अंगणातल्या सायकसभोवतीही शेपटीवाली इवली फुलपाखरं घिरट्या घालतात आणि नवी पानं खाल्ली जातात. ही तीच का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : नाही. भाचीला दिसलं ते बहुधा ‘जुनिपर हेअरस्ट्रीक’. ते उत्तर अमेरिकेतलं. पंखांची खालची बाजू हिरवी, त्यावर पांढरी रेघ. अळीही हिरवी, पांढऱ्या खुणांची. जुनिपरच्या पाल्यात ती शोधूनही सापडत नाही. परभणीत ते जगणार कशावर? इथली जुनिपरसारखी शंकूधारी झाडं म्हणजे बंगल्यापुढची मोरपंखी, फार तर एखादा अरॉकेरिया. (सुरू तसाच दिसतो, पण तो फुलझाडांतला.) हेअरस्ट्रीकची जवळची भावकी मात्र आपल्याकडे आहे आणि डाळिंबवाले तिच्या नावाने बोटं मोडतात : फळ पोखरणारी सुरसा अळी.

तुमच्याकडचं फुलपाखरू ‘प्लेन्स क्युपिड’ असावं. तेही हेअरस्ट्रीकच्याच नील कुळातलं, पण शाखा वेगळी. नर वरून जांभळट निळा, मादी तपकिरी, पंखांच्या मुळाशी निळसर. पंख मिटले की राखट रंगावर पांढऱ्या कडांच्या पट्ट्या दिसतात आणि शेपटीपाशी नारिंगी कमानीखाली एक ठळक काळा ठिपका. चवळी-उडदावर येणारं ‘ग्रॅम ब्लू’ असंच दिसतं, पण त्याला तिथे दोन ठळक ठिपके असतात. बसल्या बसल्या ही फुलपाखरं मागचे पंख एकमेकांवर घासतात. शेपट्या हलतात, ठिपका डोळ्यासारखा भासतो. पाल किंवा पक्षी डोकं समजून नेमका तिथेच हल्ला करतो आणि पंखाच्या तुकड्यावर जीव निभावतो.

सायकस शंकूधारी नाही, पण उघड्या बियांच्या त्याच जुन्या गटातलं आणि विषारी. प्लेन्स क्युपिडची अळी तरीही ते पचवते. मराठवाड्याच्या रानात सायकस नाही. शोभेच्या झाडांनीच तिची गावोगाव सोय केली. रोपांच्या व्यापाराबरोबर ती दूरवर गेली, 2005 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर पोचली आणि तिथलं मूळचं सायकस आणखी संकटात आलं.

तुमच्या झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली तर तिथे अळ्या आहेत असं समजा. अळीच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्या चाटतात आणि बदल्यात परजीवी माश्यांना जवळ फिरकू देत नाहीत. फवारणीची घाई नको. मादी उलगडत्या कोंबावरच अंडी घालते. म्हणून नवा कोंब दिसताच त्यावर बारीक जाळी बांधा. पान टणक झालं की अळीला ते चाववत नाही. मग जाळी काढून टाका.