वेदर स्टेशनवर नुसत्या रेघा? पीस बदलून देण्याआधी हे बघा

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की माझ्या दुकानात फोन सुरू: "दादा, घरचं वेदर स्टेशन बाहेरचा पाऊसच दाखवत नाही, नुसत्या रेघा!" पूर्वी मी लगेच पीस बदलून द्यायचो. नफा गेला त्यात.

आधी सेल कुठले घातलेत ते विचारा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, साधा १.५ चा. बऱ्याच सेन्सरना एवढाही फरक चालत नाही. स्प्रिंगवर हिरवट गंज असेल तर घासून काढा. मग दोन्हीकडचे सेल काढा, डिस्प्लेचा ॲडॅप्टरपण काढा, पाच मिनिटं थांबा. नवे सेल बहुतेक मॉडेलला आधी सेन्सरमध्ये, मग डिस्प्लेमध्ये (मॅन्युअल बघाच). दोन्ही एकाच टेबलावर ठेवा आणि पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नका. गिऱ्हाईकाला नेमकं हेच जमत नाही!

टेबलावर जोडलं, गच्चीवर नेलं की तुटलं? मशीन चांगलं आहे, जागा चुकली. बॉक्सवरचे १०० मीटर मोकळ्या मैदानातले. आपल्याकडे मध्ये स्लॅब, वर पत्रा. पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून सेन्सर खिडकीच्या समोर येईल असा लावा.

टेबलावरसुद्धा जोडलं नाही, तरच वॉरंटीला पाठवा.