नोंद नाही म्हणजे प्राणी नाही का?

कोळी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जाळे येते. परंतु उडी मारणारे कोळी शिकारीसाठी जाळे विणीत नाहीत. आठ डोळ्यांपैकी पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी ते नेम धरतात, मागे एक धागा चिकटवून ठेवतात आणि भक्ष्यावर झेप घेतात.

गेल्या भाद्रपदात कोका जंगलालगतच्या आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, पळसाच्या पानावर, मला असाच एक कोळी दिसला. आकार तांदळाच्या दाण्याएवढा, तांबूस-केशरी डोक्यावर चकाकणारे निळे पट्टे आणि पोटावर निळी-जांभळी झळाळी! मोबाईलवर छायाचित्र घेतले आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘भंडारा जिल्ह्यातील पहिली नोंद.’

वही पाहून आमच्या सरांनी एवढेच विचारले, “पहिली नोंद, की तू पाहिलेला पहिला कोळी?”

मी वाचनास लागलो. छायाचित्र ‘क्रायसिला व्होल्युपी’ या जातीशी जुळत होते. फर्डिनांड कार्श या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये श्रीलंकेतील नमुन्यावरून तिचे वर्णन केले. २०१८ मध्ये ती केरळातील वायनाड येथे आढळली, तेव्हा ‘नामशेष समजलेला कोळी दीडशे वर्षांनी सापडला’ अशा बातम्या आल्या. त्याच वर्षी भारतीय अभ्यासकांनी तिच्या मादीचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे १३९ वर्षे ग्रंथांत नर होता, मादी नव्हती! रानात मात्र ती होतीच. एरवी नरांच्या पिढ्या आल्या कोठून?

तात्पर्य, नकाशावरील ठिपके प्राणी कोठे राहतो यापेक्षा माणसाने कोठे पाहिले हेच अधिक सांगतात. शिवाय केवळ रंगावरून जात निश्चित होत नाही. नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादांची आणि मादीच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते.

ही नुसती नावाची हौस नव्हे. उडी मारणारे कोळी धानावरील तुडतुडे खातात. औषध फवारले की तुडतुड्यांबरोबर तेही मरतात. धुऱ्यावर कोण राहत होते हेच लिहिलेले नसेल, तर कोण नाहीसे झाले हे उद्या कसे कळावे?

वहीतील ती ओळ मी खोडली. तिच्या जागी तारीख, वेळ, गाव, झाड आणि जातीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लिहिले. वाचक मित्रहो, आपणही आपल्या शिवारात एवढे अवश्य लिहून ठेवावे.