मृगाच्या आधी एसीचा बाहेरचा सेन्सर एकदा तपासून घ्या



हैदराबादला मासळीचा धंदा असलेल्या आपल्या घरांना मृगाचा दिवस काय असतो ते सांगायला नको. तेलंगणात मृग लागला की घरोघरी मासे खायची रीत आहे. जूनच्या ७-८ तारखेला रामनगर, मुशीराबाद, बेगम बाजार इथे पाय ठेवायला जागा नसते. नेमकी तेव्हा आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून बंदी लागलेली असते आणि पूर्व किनाऱ्यावरची १४ जूनपर्यंत उठत नाही. हातात असतं ते मरळ, रोहू, कटला आणि साठवणीतला माल, आणि त्यात पारा चाळिशीला टेकलेला. अशा दिवशी मासळी निवडायच्या, पॅकिंगच्या खोलीतला एसी बंद पडला तर बर्फ भराभर वितळतो आणि नफा मोरीतून वाहून जातो.

इन्व्हर्टर एसीची एक तक्रार तिकडून वारंवार येते. सकाळी मशीन झकास चालतं, दुपारी बारा-एकला बंद, संध्याकाळी आपोआप सुरू. मेकॅनिक येतो आणि म्हणतो गॅस कमी आहे, नाहीतर बोर्ड गेला. कधी ते खरंही असतं. पण बोर्डाला हजारोंनी पैसे जातात आणि सेन्सर काहीशे रुपयांत मिळतो, म्हणून आधी सेन्सर बघायचा. तो तपासायला लागणारी मुख्य वस्तू आपल्याकडे ढिगाने असते : बर्फ.

इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअरमध्ये साधारण तीन सेन्सर असतात. एक कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम पाइपवर, एक कॉइलच्या तांब्याच्या नळीत खोचलेला, आणि तिसरा कॉइलच्या मागे, हवा आत शिरते तिथे प्लास्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेला. हा तिसरा बाहेरच्या हवेचं तापमान मोजतो. दिसायला वायरच्या टोकाला काळा मणी, बस. बोर्ड त्याचं ऐकून कॉम्प्रेसर किती पळवायचा, पंखा किती फिरवायचा ते ठरवतो. मणी चुकीचं सांगू लागला की चांगलं मशीनही चुकीचं वागतं. (साध्या, बिनइन्व्हर्टर एसीत बहुधा हा सेन्सर नसतोच. तुमचा तसा असेल तर कारण दुसरीकडे शोधा.)

उघडण्याआधी एमसीबी पाडा आणि दहा मिनिटं थांबा. रिमोटने बंद केलं म्हणजे बंद झालं असं नाही. इन्व्हर्टरच्या बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर करंट साठून राहतो, तो जीव घेऊ शकतो. मशीन वॉरंटीत असेल तर हात न लावता कंपनीचा माणूस बोलवा. विजेच्या कामाची सवय नसेल तर मेकॅनिकलाच करू द्या, पण पुढची तपासणी आपल्यासमोर करायला सांगा.

आता बर्फाची तपासणी. सेन्सरचा दोन पिनचा कनेक्टर बोर्डातून काढा, वायर ओढू नका, कनेक्टर धरूनच काढा. मणी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला. फॅक्टरीच्या लादीचा बर्फ बारीक कुटा, ग्लासभर घ्या, त्यात थोडं पाणी ओतून लगदा करा आणि हलवत राहा. असा लगदा बरोबर ० अंशाला असतो, कुठल्याही थर्मामीटरपेक्षा भरवशाचा. पण पाणी गोडंच हवं. बोटीवर आपल्याला बर्फात समुद्राचं पाणी घालायची सवय असते, इथे ते चालत नाही. खाऱ्या पाण्यात लगदा शून्याच्या खाली उतरतो, म्हणजे मापच चुकलं. मासळीच्या पेटीतला वापरलेला बर्फही नको.

पाच मिनिटांनी मल्टिमीटर लावा. बऱ्याच कंपन्यांचा हा सेन्सर २५ अंशाला १० किलोओहमचा असतो. तसा असेल तर बर्फात २७ ते ३३ किलोओहमच्या दरम्यान आकडा यायला हवा. मीटर २० च्या रेंजवर असेल तर पडद्यावर नुसता १ दिसेल आणि वाटेल सेन्सर तुटला. रेंज २०० किलोवर घ्या, मग बघा. नंतर मणी पुसून मुठीत धरा. आकडा हळूहळू उतरत ७ किलोओहमच्या आसपास यायला पाहिजे. ४० अंशाच्या हवेत तो साडेपाचच्या जवळपास असतो. गरम झालं की आकडा उतरतो, गार झालं की चढतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. काही कंपन्या ५, १५ किंवा २० किलोओहमचे सेन्सर वापरतात, त्यांचे आकडे वेगळे. मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात तक्ता असतो, मेकॅनिककडे मागा.

मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, बोर्डाला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे. आकडा शून्याजवळ असेल तर शॉर्ट, बोर्डाला वाटतं बाहेर भट्टी पेटली आहे. हे दोन्ही दोष बोर्ड बहुधा स्वतःच ओळखतो आणि एरर कोड दाखवतो. वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल तर तार आतून अर्धवट तुटली आहे.

खरी डोकेदुखी तिसऱ्या दोषाची, कारण त्यात कोड येत नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी पुटं चढतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने, आणि दुकानात मासळी धुतलेल्या पाण्याच्या ओलीने. पुटांमुळे समजा २ किलोओहमचा अडथळा वाढला. बाहेर ४० अंश आहे, सेन्सर साडेपाच सांगतोय, पण बोर्डापर्यंत पोचतात साडेसात. बोर्ड त्याचा अर्थ लावतो ३२ अंश. म्हणजे मशीन उभं आहे हैदराबादच्या मे महिन्यात, आणि त्याला वाटतंय आपण रत्नागिरीला जेटीवर वारा खातोय! काही मॉडेलमध्ये मग पंखा हवा तेवढा पळत नाही, आतला दाब चढतो आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. मेकॅनिकने यावर आणखी गॅस भरला तर दाब अजून चढतो. म्हणून सेन्सर बर्फात बरोबर निघाला तरी कनेक्टर डोळे फाडून बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सुकवा, पुन्हा दोन-तीनदा काढून घाला. उलट, मण्याच्या आत ओल शिरली तर आकडा खाली येतो आणि बोर्डाला उगाच जास्त गरम वाटतं. तो सेन्सर बदलायचाच.

कधी सेन्सर खरं बोलत असतो आणि दोष जागेचा असतो. गच्चीवर चार आउटडोअर समोरासमोर लावले की एकाची गरम हवा दुसरा ओढतो. पश्चिमेचं ऊन थेट मण्यावर पडतं. क्लिप तुटून मणी कॉइलला चिकटतो आणि हवेऐवजी कॉइलचं तापमान सांगतो. अशा ठिकाणी तीन सेन्सर बदलले तरी फरक पडणार नाही. आउटडोअर फिरवा, वर सावली करा (हवा न अडवता), क्लिप बदला.

सेन्सर आणि कनेक्टर दोन्ही ठीक असतील तरच बोर्डावर संशय घ्या. त्याचीही सोपी परीक्षा आहे. सेन्सरच्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर लावायचा, दोन-चार रुपयांना मिळतो. बोर्डाला २५ अंश वाटायला हवेत. तरीही सेन्सरचाच कोड येत राहिला तर बोर्ड खराब. रेझिस्टर लावताना आणि काढताना एमसीबी पुन्हा पाडून तेवढाच वेळ थांबायचं. आणि परीक्षा झाली की तो काढायचा. काही जण तोच कायमचा ठेवून देतात, ‘चालतंय ना’ म्हणून. मशीन बारा महिने २५ अंश समजून चालतं आणि उन्हाळ्यात कॉम्प्रेसर त्याची किंमत मोजतो. दुरुस्तीनंतर जुना सेन्सर हातात मागून घ्या, म्हणजे नवीन खरंच बसला की रेझिस्टर, ते कळतं.

नवीन सेन्सर त्याच मॉडेलचा घ्या. दोन पिनचा दिसला म्हणून कुठलाही चालत नाही. वायर जोडावी लागली तर डाग देऊन वर हीट श्रिंक नळी चढवा, नुसती टेप पहिल्या पावसात सुटते. वायरला कनेक्टरच्या खाली एक लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, पिनांत शिरणार नाही.

बोटमालकांनी आणि शीतगाडीवाल्यांनीही हे वाचून ठेवावं. कोल्ड रूमच्या आणि गाडीच्या कंट्रोलरला बहुतेक असाच मणी असतो आणि बर्फाची तपासणी तिथेही चालते. काही कंट्रोलरला वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, ज्यात गरम झाल्यावर आकडा वाढतो, तेव्हा आधी कंट्रोलरवरचं लेबल वाचा. कंट्रोलर चालू असताना मणी लगद्यात बुडवला तर पडद्यावर ० दिसायला हवं. तिथे ३ दिसत असेल तर सेटिंगमधून तेवढी दुरुस्ती करता येते, आणि ६-७ चा फरक असेल तर सेन्सर बदला.